चिनी घरची परदेशी सून : तिचा निवास आणि तिची नोकरी
(ज्ञातिसंघाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



संमेलनाच्या चिटणीसांनी आम्हांस 'तरुण पिढीस चार शब्द' असा विषय सुचविला होता. छत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत खडू हाती धरल्यामुळे चार शब्दांचे चाळीस करण्याची खोड आम्हांस आहे, हे त्यांस ठाऊक असावे. म्हणून त्यांनी वेळही अर्ध्या घटकेचाच दिला आहे. परंतु आज उपदेश करण्याची आमची इच्छा नाही. आमच्या हातून घडलेल्या एका अन्यायाची कबुली या व्यासपीठावरून द्यावी, आणि ज्या अज्ञानामुळे तो घडला ते अज्ञान इतरांच्या वाट्यास येऊ नये म्हणून आम्ही जे शिकलो ते आपणांपुढे ठेवावे, एवढाच आजच्या भाषणाचा हेतू आहे. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. कायदेपंडित म्हणून आम्ही बोलत नाही, हे आरंभीच नमूद करून ठेवतो.

आमच्या ज्येष्ठ बंधूंची कन्या, म्हणजे आमची पुतणी, वाणिज्य शाखेची पदवीधर. चाकणच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात ती हिशेबखात्यात चार वर्षे काम करीत होती. त्या कारखान्यात यंत्रे बसविण्यासाठी आलेल्या एका चिनी अभियंत्याशी तिचा परिचय झाला आणि २०१६ साली दोघे विवाहबद्ध होऊन हांगचौ येथे राहावयास गेली. बंधूंनी मन मोठे केले. आम्ही मात्र तोंडाने आशीर्वाद दिला आणि मनात किंतू ठेवला.

पुढे वर्ष लोटले, तरी पुतणी नोकरी करीत नाही असे कळले. कमावती, हुशार मुलगी घरी का बसली? आम्ही तिला दूरध्वनीवरून सांगितले, "अगं, तुझे इंग्रजी चांगले आहे, तिकडे इंग्रजीला मान आहे म्हणतात. चार मुले घरी शिकव, नाहीतर एखाद्या शिकवणीवर्गात जा." ती म्हणाली, "काका, तसे इथे करता येत नाही. हेसुद्धा नको म्हणतात." 'हे' म्हणजे आमचे जावई. झाले! आम्ही मनाशी निष्कर्ष काढला, की नवऱ्याने पोरीला घरात कोंडले. २०१७ च्या संमेलनात याच मंडपात तशी कुजबुज झाली, तेव्हा आम्ही ती थांबविली नाही. उलट मान डोलाविली. आणि २०१८ साली ज्ञातिसूची नव्याने छापली गेली, त्या वेळी 'परदेशी, परजातीय, माहिती अपूर्ण' असे कारण दाखवून तिच्या कुटुंबाची नोंद गाळण्यात आली. त्या सूचीच्या समितीवर आम्ही होतो. बंधूंनी त्याविषयी आम्हांस कधी एका शब्दानेही विचारले नाही. तो त्यांचा मोठेपणा.

जानेवारी २०२० मध्ये बंधूंना अर्धांगवायूचा झटका आला. पुतणी तातडीने आली. पंधरा दिवसांत परतावे असा तिचा बेत होता. पण महामारीने जगाची दारे मिटली. २८ मार्च २०२० पासून चीनने, व्हिसा किंवा निवासपरवाना हाती असला तरी, परदेशी नागरिकांस प्रवेश थांबविला. त्याच पावसाळ्यात बंधू निवर्तले. त्या वर्षीच्या सप्टेंबरात चीनने काही सवलत दिली खरी, पण नोव्हेंबरात भारतातून जाणाऱ्यांसाठी ती पुन्हा काढून घेण्यात आली. नवरा हांगचौला, बायको आमच्या घरी, अशी अडीच वर्षांहून अधिक काळ ताटातूट झाली. भारतातून कुटुंबीयांना जाण्याची वाट २०२२ च्या जूनपासून क्रमाने मोकळी झाली आणि पुतणी त्या वर्षीच्या ऑक्टोबरात, तिसऱ्या देशातून विमान बदलून, परत गेली.

त्या अडीच वर्षांत आमच्या जेवणाच्या मेजावर तिने आपली कागदपत्रे पसरली आणि, ज्याने तिला बाराखडी शिकविली, त्या काकाला तिने चिनी कायद्याची बाराखडी शिकविली. एके रात्री ती म्हणाली, "काका, लग्नाने मला त्या देशात राहण्याचा अधिकार दिला, कमावण्याचा दिला नाही. ह्यांनी मला अडविले नाही, वाचविले." त्या वाक्याने आम्ही खजील झालो. आता ती बाराखडी आपणांस सांगतो.

चीनमध्ये परदेशीयांच्या आगमन-निर्गमनाविषयीचा विद्यमान कायदा ३० जून २०१२ रोजी संमत झाला व १ जुलै २०१३ पासून अमलात आला. त्यास पूरक असे नियम १ सप्टेंबर २०१३ पासून लागू झाले आणि त्यांत कुटुंबीयांसाठी 'क्यू' नावाचा स्वतंत्र व्हिसा निर्माण करण्यात आला. चिनी नागरिकाच्या पतीस वा पत्नीस तेथे दीर्घकाळ राहावयाचे असेल तर 'क्यू-१', आणि १८० दिवसांपर्यंतच्या भेटीसाठी जावयाचे असेल तर 'क्यू-२'. अर्जासोबत चिनी जोडीदाराचे निमंत्रणपत्र, त्याच्या ओळखपत्राची प्रत आणि विवाहाचा दाखला जोडावा लागतो.

येथे एक गोष्ट ध्यानी धरावी. 'क्यू-१' हा केवळ उंबरठा ओलांडण्याचा परवाना होय. आत गेल्यावर ३० दिवसांच्या आत तेथील पोलिसखात्याच्या आगमन-निर्गमन कचेरीत जाऊन निवासपरवान्यासाठी अर्ज केला पाहिजे. हा परवाना कमीत कमी १८० दिवसांचा व अधिकात अधिक ५ वर्षांचा असू शकतो. मुदत वाढवावयाची तर ती संपण्याच्या ३० दिवस आधी अर्ज करावयाचा. शिवाय हॉटेल सोडून इतरत्र, म्हणजे स्वतःच्या सासरी जरी उतरले, तरी २४ तासांच्या आत पोलिसांकडे मुक्कामाची नोंद करावी लागते. मुदत उलटून राहिल्यास प्रथम ताकीद मिळते. प्रकरण गंभीर असेल तर दर दिवशी ५०० युआन याप्रमाणे एकूण १०,००० युआनपर्यंत दंड, अथवा ५ ते १५ दिवस अटक. सासर आपले असले तरी देश आपला नव्हे, हा भेद तेथील कायदा कधी विसरत नाही.

आता नोकरीचा प्रश्न. कुटुंबीय म्हणून मिळालेल्या निवासपरवान्यावर काम करण्याची मुभा नाही. काम करावयाचे तर कामाचा परवाना आणि कामासाठीचा निवासपरवाना, असे दोन्ही लागतात. ते नसताना काम करणारास ५,००० ते २०,००० युआन दंड होतो, आणि अपराध गंभीर ठरल्यास दंडासोबत ५ ते १५ दिवसांची अटकही होते. कामावर ठेवणारासही माणशी १०,००० युआन, एकूण एक लक्ष युआनपर्यंत दंड आहे. आपण विवाहित आहोत, नवरा इथलाच आहे, ही सबब चालत नाही. दुकान जोडीदाराच्या नावाचे असले तरी परदेशी माणसाने तेथे रोज काम करू लागणे धोक्याचेच होय.

मग आमच्या त्या 'चार मुले शिकव' या सल्ल्याचे काय झाले असते, हे सूज्ञांस सांगणे नलगे. त्यातही दुहेरी अडचण होती. परदेशी भाषाशिक्षकाने साधारणतः आपली मातृभाषाच शिकवावी, असा तेथील कामाच्या परवान्याचा दंडक आहे; मराठी मातृभाषा असलेल्या मुलीस इंग्रजी शिकविण्याचा परवाना मिळणे सोपे नाही. आणि पुढे जुलै २०२१ मध्ये तर तेथील सरकारने शाळकरी मुलांच्या खाजगी शिकवणीवर्गांवरच कडक निर्बंध घातले. आमचा सल्ला मानला असता तर पोरगी दंडास वा अटकेस पात्र झाली असती आणि तिचा निवासही धोक्यात आला असता. ज्याला आम्ही कोंडणारा म्हटले, तो तिला राखीत होता.

याचा अर्थ अशा जोडीदारास काम करताच येत नाही, असा मात्र नव्हे. मार्ग दोन आहेत.

पहिला मार्ग कामाच्या परवान्याचा. १ एप्रिल २०१७ पासून सर्व देशात एकच कामाचा परवाना लागू झाला असून परदेशी कामगारांचे ए, बी आणि सी असे तीन वर्ग केले आहेत. गुणांच्या हिशेबाने ८५ व त्याहून अधिक गुण असलेला ए वर्गात, ६० व त्याहून अधिक असलेला बी वर्गात. आपल्या सामान्य सुशिक्षित मुलामुलींचा संबंध येतो तो बहुधा बी वर्गाशी, आणि त्यासाठी सर्वसाधारणपणे पदवी व त्या विषयातील दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. वय साठीच्या आत असावे लागते. अर्ज नोकरी देणारी संस्था करते, आणि परवानाही त्याच संस्थेपुरता असतो. संस्था बदलली की कागदपत्रे पुन्हा करावी लागतात. बाहेरून येणाऱ्या सामान्य परदेशीयास यासाठी 'झेड' व्हिसा घेऊन प्रवेश करावा लागतो. परंतु चिनी नागरिकाचा परदेशी जोडीदार वैध निवासपरवान्यावर आधीच तेथे राहत असेल, तर त्याला देशाबाहेर न जाता तेथूनच अर्ज करण्याची सवलत आहे. विवाहाचा नोकरीच्या बाबतीत होणारा उपयोग तो एवढाच. पण तो क्षुल्लक नव्हे.

दुसरा मार्ग कायम निवासाचा. २००४ साली केलेल्या नियमांनुसार, चिनी नागरिकाशी विवाह होऊन ५ वर्षे झालेली असावीत, चीनमध्ये सलग ५ वर्षे वास्तव्य झालेले असावे, त्या प्रत्येक वर्षी किमान ९ महिने तेथे काढलेले असावेत, आणि उदरनिर्वाहाचे साधन व राहते घर स्थिर असावे. हे ओळखपत्र एकदा हाती आले की नोकरीसाठी निराळा परवाना लागत नाही. प्रौढांचे ओळखपत्र १० वर्षांचे असते. १ डिसेंबर २०२३ पासून त्याचा नवा नमुना निघाला आहे. परंतु ते मिळणे सुलभ आहे असे कोणी समजू नये. २०१६ या संपूर्ण वर्षात सर्व प्रकारांचे मिळून अवघ्या १,५७६ परदेशीयांस कायम निवास मंजूर झाला होता. २०२० च्या फेब्रुवारीत नवीन नियमांचा मसुदा प्रसिद्ध झाला, तेव्हा तेथील जनतेतूनच मोठा विरोध उठला आणि तो मसुदा कायद्यात उतरला नाही.

आता आपणांस आमच्या पुतणीच्या ताटातुटीचा खरा हिशेब कळेल. ती २०१६ च्या अखेरीस गेली. २०२१ च्या अखेरीस तिची पाच वर्षे भरावयाची होती. पित्याच्या सेवेसाठी ती आली, आणि वर्षाकाठी नऊ महिन्यांची अट २०२० सालीच मोडली. येथे असतानाच तिच्या निवासपरवान्याची मुदतही संपली. परत जाताना तिला नव्याने 'क्यू-१' घ्यावा लागला, आणि तेथील कचेरीत पाच वर्षांची गणना ऑक्टोबर २०२२ पासून पुन्हा सुरू झाल्याचे तिला सांगण्यात आले. बापाच्या उशाशी बसलेल्या दिवसांची किंमत तिने अशी मोजली. आणि आम्ही मात्र तिचे नाव सूचीत ठेवण्यास कागद पुरेसे नाहीत असे म्हणालो होतो!

काही मंडळी म्हणतील, की मग नागरिकत्वच घ्यावे. चीनचा नागरिकत्वाचा कायदा १९८० सालचा आहे. चिनी नागरिकाच्या निकटच्या नातलगास त्याखाली अर्ज करता येतो. परंतु तो देश दुहेरी नागरिकत्व मानीत नाही, आणि आपला १९५५ चा कायदाही मानीत नाही. म्हणजे एक पासपोर्ट घेणे म्हणजे दुसरा सोडणे. पुतणीस २०२३ साली हांगचौ येथे पुत्र झाला. आईवडिलांपैकी एक चिनी असून जन्म तेथील, म्हणून तो जन्मतः चिनी नागरिक आहे. नवरा तेथील, मुलगा तेथील, आणि आई मात्र परवान्यावर, असा तो संसार आहे. विवाहस्थितीत बदल झाल्यास दहा दिवसांत कळवावे लागते, आणि विवाह संपला तर त्या परवान्याचा आधारच निखळतो. हे सारे जाणून जी मुलगी तेथे उभी राहते, तिच्या धैर्यास कमी लेखण्याचा अधिकार आम्हांस नाही.

मात्र चिनी कायदाच तेवढा कठोर, असेही म्हणणे न्याय्य होणार नाही. आपल्या देशातही भारतीयाशी विवाह केलेल्या परदेशी व्यक्तीस नागरिकत्वाच्या नोंदणीसाठी सात वर्षांच्या वास्तव्याची अट आहे. प्रत्येक घराला कुलूप असते. किल्ली कोठे आहे हे ठाऊक असावे, इतकेच.

'चीन म्हणजे परकेच', असे ज्यांस वाटते त्यांस आम्ही सोलापूरच्या एका सुपुत्राची आठवण देऊ इच्छितो. डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकासमवेत चीनला गेले. युद्धात जखमी झालेल्यांची शुश्रूषा करता करता १९४१ साली त्यांनी कुओ छिंगलान या चिनी परिचारिकेशी विवाह केला. पुत्राचे नाव ठेवले 'यिनहुआ'. त्यातील 'यिन' म्हणजे भारत व 'हुआ' म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, डॉक्टर तेथेच कैलासवासी झाले. कुओबाई पुढे अनेकदा भारतात आल्या व कोटणीस कुटुंबीयांस भेटल्या. त्या कुटुंबाने त्यांस परकी मानले नाही. डॉक्टरांचा गौरव करावयाचा आणि आपल्या घरच्या मुलीची नोंद गाळावयाची, ही विसंगती आमच्याकडून झाली.

आता, ज्यांच्या घरी असा विवाह झाला आहे किंवा होऊ घातला आहे, त्यांच्यासाठी अनुभवाचे चार बोल.

पहिली गोष्ट, मुलगी असो वा मुलगा, पदवी पूर्ण केल्यावाचून आणि निदान दोन वर्षे नोकरी केल्यावाचून परदेशी संसार थाटण्याची घाई करू नये. पुतणीने चाकणला काढलेली चार वर्षे तिच्या पुढे कामी आली.

दुसरी गोष्ट, नोकरी सोडताना अनुभवाचे प्रमाणपत्र हातात घेतल्याशिवाय घरी येऊ नये. पुतणीने ते घेतले नव्हते. सात वर्षांनी ते मिळविण्यासाठी आम्हांस त्या कारखान्यात पाच खेपा घालाव्या लागल्या. अखेर आपल्याच एका ज्ञातिबंधूंच्या ओळखीने काम झाले, त्यांचे आम्ही ऋणी आहोत.

तिसरी गोष्ट, पदवीपत्र, विवाहाचा दाखला, पोलिसांचे चारित्र्य प्रमाणपत्र हे कागद कोणत्या रीतीने साक्षांकित करावयाचे, याची चौकशी प्रत्येक वेळी नव्याने करावी. ७ नोव्हेंबर २०२३ पासून चीन 'अपोस्टिल' करारात सामील झाला, तरी त्या वेळी भारत व चीन यांच्या दरम्यान तो लागू झाला नाही. म्हणून जुन्याच वाटेने, आपल्या परराष्ट्र खात्याकडून व नंतर चिनी वकिलातीकडून, शिक्के घ्यावे लागले. मुंबईस चिनी वाणिज्य वकिलात आहे. ऐकीव माहितीवर विसंबू नये, दलालावर तर नाहीच.

चौथी गोष्ट, हाँगकाँगचे नियम निराळे आहेत. तेथे कायम रहिवाशाच्या जोडीदारास आश्रित म्हणून प्रवेश मिळाल्यावर नोकरीची मोकळीक असते. तेथील कोणाचे उदाहरण ऐकून हांगचौच्या मुलीस दोष देऊ नये.

आणि शेवटची गोष्ट वडीलधाऱ्यांसाठी. दूर गेलेले मूल 'येथे असे करता येत नाही' असे म्हणते, तेव्हा 'का' असे विचारावे, आणि उत्तर ऐकून घ्यावे. आम्ही विचारले नाही. शाळेत मुलांना 'का' विचारावयास शिकविले आणि स्वतः तो शब्द विसरलो.

आपणांस सांगावयास आनंद वाटतो, की २०२४ साली पुतणीस हांगचौच्याच एका व्यापारी पेढीत हिशेबाचे काम मिळाले. ती पेढी भारतात माल पाठविते. परवाना तेथूनच, देशाबाहेर न जाता, झाला. पहिल्या पगारातून तिने आईस लुगडे व आम्हांस चष्मा धाडला. तो चष्मा लावून आम्ही हे भाषण वाचीत आहोत. तिची पाच वर्षे आता २०२७ च्या ऑक्टोबरात भरतील. ऑक्टोबर २०२५ मध्ये दोन्ही देशांमधील थेट विमाने पुन्हा सुरू झाली. परंतु नऊ महिन्यांच्या अटीमुळे तिला अधिक काळ येता येत नाही. कोणी विचारले की ती येत का नाही, तर कृपा करून तिच्या नवऱ्याकडे बोट दाखवू नका.

अध्यक्षमहाराज, आमची विनंती एकच आहे. ज्ञातिसूचीची पुढील आवृत्ती निघेल तेव्हा निघो. तत्पूर्वी या स्मरणिकेत शुद्धिपत्र छापून आमच्या बंधूंच्या कन्येच्या कुटुंबाची नोंद, जावई व नातू यांच्यासह, करण्यात यावी. बंधू आज हयात नाहीत, परंतु वहिनी समोर बसल्या आहेत. त्यांच्यासमक्ष आम्ही आमची चूक मान्य करतो, आणि हांगचौस असलेल्या आमच्या जावयांची क्षमा मागतो.